करवंटीची नखी

हातकणंगल्याच्या स्टेशनापासून दोन मैल आत, उसाच्या रानांतून गेलेल्या गाडीवाटेला तात्यासो मगदुमांची विहीर लागते. विहिरीच्या कडेला पाण्याच्या मोटारीची खोली आहे. आत स्टार्टरची पेटी, पाण्याच्या पाळीचा कागद, दोन खोरी, आणि भिंतीतल्या खुंटीला धुवट धोतरात गुंडाळून टांगलेलं एक तुणतुणं. पंचेचाळीस वर्षं ते तिथंच राहतं. कार्यक्रम असला की गाडीत बसतं, परत आलं की खुंटीला. मगदुमांच्या घराचा उंबरा त्यानं एकदाही ओलांडलेला नाही.

तुणतुणं म्हणजे काही मोठं वाद्य नव्हे. मापट्याहून थोडा मोठा पोकळ लाकडी डबा, बुडाला ताणून बसवलेलं कातडं, कातड्याच्या मध्यातून निघून डब्याच्या पोटातून वर आलेली एक तार, आणि डब्याच्या अंगाला ठोकलेल्या काठीवर ती तार पिळायची खुंटी. झालं, एवढाच कारभार. पडदे नाहीत, सूर बदलायची सोय नाही. शाहीर पुढं उभा राहून डफावर पोवाडा गातो, मागं झीलकरी ‘जी जी’ करत झील ओढतात, आणि त्यांतला एकजण हे काखेशी धरून नखीनं तार छेडत राहतो. लोक बघतात शाहिराकडं. तुणतुणेवाल्याकडं बघायला कुणाला सवड नसते.

त्यामुळं तात्यासोंना उभ्या आयुष्यात एक प्रश्न इतक्या वेळा ऐकावा लागला, की उसाला पाणी किती दिलं हेही कुणी तितक्यांदा विचारलं नसेल.

“तात्या, एका तारंला शिकायचं काय असतंय वो?”

तात्यासो रागवत नाहीत. विचारणाऱ्याला मोटारीच्या खोलीत नेतात, पाण्याच्या पाटाकडं तोंड करून बसवतात, आणि म्हणतात, “मागं वळून बघायचं न्हाय. नुसतं ऐकायचं.” मग नखी खाली, अगदी डब्याच्या तोंडालगत आणून मारतात. आवाज येतो तो कोरडा आणि टणक, घागरीत खडा पडल्यागत. मग तारेच्या मध्यावर येतात. तोच सूर, पण आता त्याला पोट आलेलं असतं. मग वर, खुंटीजवळ. तिथं तो इतका बारीक होतो की कानाशी चिलट आल्यासारखं वाटावं. मग नखी सपाट धरून, मग तिरकी धरून, मग तिला घट्ट आवळून, मग बोटांत सैल सोडून. वरून खाली जाणारा ठोका, खालून वर येणारा ठोका, आणि तार छेडून लगेच करंगळीच्या कडेनं दाबलेला मुका ठोका.

“आता सांग, किती तारा वाजल्या?”

बसलेला माणूस बोटं मोजायला लागतो आणि तात्यासो धोतरात तुणतुणं गुंडाळायला लागतात.

हे सगळं त्यांना कुणी शिकवलं नाही. शिकवलं असतं तर शिंगाच्या नखीवर वाजवायला शिकवलं असतं, आणि तिथंच तर सगळं अडलं होतं.

तात्यासो बावीस वर्षांचे होते तेव्हा शेजारच्या गावचे शाहीर हंबीरराव यांचा पोवाडा गावात झाला. तुणतुणेवाला तापानं फणफणला होता. हंबीररावांनी समोर बसलेल्या पोरांवरून नजर फिरवली आणि पायानं ताल धरून बसलेल्या तात्यासोंना बोटानं बोलावलं. “ये रं हिकडं. एकच तार हाय, चुकून चुकून चुकशील किती?” त्या दिवशी ते चांगले शंभरदा चुकले. पण हंबीरराव जाताना म्हणाले, “चुकलास, पण थांबला न्हाईस. पुढच्या आठवड्यात आळत्याला ये.”

मगदुमांचं घर जैनांचं. घरात कांदा-लसूण सुद्धा चातुर्मासात बंद. दिवस मावळायच्या आत जेवणं उरकलेली. तात्यासोंची आई, जिला सगळं घर अव्वा म्हणायचं, हिनं तुणतुण्याचं बूड एकदा पालथं करून बघितलं आणि हात झटकले.

“कातडं हाय ह्याला.”

“व्हय अव्वा, पण ते काय आपण...”

“आपण न्हाय, ठावं हाय मला. वाजवायचं तर वाजीव. पण हे घरात येणार न्हाय. मोटारीच्या खोलीत ठेव, हातपाय धू, मग ये.”

एवढ्यावर मिटलं. तुणतुणं मळ्यात राहिलं. पण नखी राहिली नाही. नखी म्हणजे नखाएवढा तुकडा, तो कोण कुठं टांगणार? तात्यासो ती सदऱ्याच्या खिशात टाकायचे आणि विसरून जायचे. हंबीररावांनी दिलेली नखी काळी, तुळतुळीत, कडेला पातळ आणि मध्ये जाड होती. एके सकाळी अव्वा धुणं भिजवायला बसली आणि खिशातनं ती नखी तिच्या तळहातावर पडली.

“हे काय रं, तात्या?”

खोटं बोलायची सवय नव्हती. “नखी हाय. तार वाजवायची.”

“कशाची?”

“म्हशीच्या शिंगाची.”

अव्वानं नखी अंगणात भिरकावली, पुन्हा डोक्यावरनं पाणी घेतलं आणि ओलेत्यानंच दारात उभी राहून विचारलं, “हे खिशात घालून तू जेवायला बसत हुतास?”

खरं तर त्याहूनही वाईट होतं. तार पिळताना दोन्ही हात गुंतलेले असतात, तेव्हा तुणतुणेवाले नखी दातांत धरतात. तात्यासोही धरायचे. अव्वानं त्यांच्या तोंडाकडं बघितलं आणि न सांगताच ओळखलं. ती दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी ताट वाढताना एवढंच म्हणाली, “तुझं वाजवणं मी बंद केलं न्हाय. पण माझ्या घरात शिंग येणार न्हाय.”

तात्यासो सायकल घेऊन हंबीररावांकडं गेले. हंबीरराव गोठ्यात धार काढत होते. सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, “शिंगाबिगर तुणतुणं बोलत न्हाय, गड्या. माझ्या बापाच्या येळंपासनं शिंगच हाय. तुला जमत नसंल तर दुसरा बघतो.”

दुसरा माणूस असता तर तिथंच नाद सोडला असता, नाहीतर नखी मळ्यात लपवून ठेवून घरात काही बोलला नसता. तात्यासोंना दोन्ही जमलं नाही. आईला फसवायचं नव्हतं आणि शाहिराला सोडायचं नव्हतं. त्यांनी सायकलवर टांग टाकता टाकता सांगितलं, “चार म्हयनं दुसरा बघा. तार तीच ऱ्हाईल, शिंग नसंल, आणि तुमास्नी चालंल असं वाजवून दावतो.”

“आन् न्हाय जमलं तर?”

“जमणार.”

मग सुरू झाली ती सगळी खटपट. बांबूची चोय तासून बघितली. आवाज गोड आला, पण अर्ध्या तासात टोकाला कुसळं फुटली आणि तारेवर खरखर व्हायला लागली. बहिणीचा मोडका कंगवा कापून बघितला. त्याचा तारेला लागल्याचा चटचट आवाज मूळ सुराहून मोठा. साबणाच्या डबीचं झाकण कापलं, ते इतकं लवचीक की ठोका मारल्यावर नखीच वाकायची आणि सूर उशिरा यायचा, म्हाताऱ्या माणसानं हाकेला ओ द्यावी तसा. पत्रा कापून बघितला. त्यानं चौथ्या ठोक्याला तारच तोडली आणि अंगठा फाडला. चिंचोका दगडावर घासून सपाट केला. चिंचोक्यानं त्यांना वेड लावलं. इतका नितळ आवाज त्यांनी आधी ऐकला नव्हता. पण तो एवढासा, घाम आला की बोटांतनं निसटायचा, आणि एक दिवस मधोमध तडकला.

ह्या उठाठेवीत तात्यासोंना एक गोष्ट कळली, जी शिंगावर वाजवणाऱ्या कुणाला शोधायची गरज पडली नव्हती. तार आवाज देते खरी, पण कसा द्यायचा हे तिला नखी सांगते. पातळ नखी तारेला चापट मारते. जाड नखी तारेला ढकलते. टोकदार असली तर सूर टोचतो, कड गोल घासली तर तोच सूर अंगावरून हात फिरवल्यासारखा येतो. आणि एकच नखी मनगटानं मारली तर एक आवाज, कोपरातनं मारली तर दुसरा.

करवंटी सापडली ती स्वयंपाकघरात. अव्वा नारळ खवत होती. तात्यासोंनी रिकामी करवंटी उचलली, नखानं वाजवली, कानाशी धरली. अव्वा म्हणाली, “आता काय नारळ बी वाजवतोस?” नारळाच्या डोळ्यांजवळची जाड करवंटी तात्यासोंनी बाजूला टाकली. पोटाजवळचा तुकडा घेतला. विहिरीच्या काठावरच्या दगडावर तो अकरा दिवस घासला. तिथंच, कारण दगड तिथं ओला राहायचा आणि करवंटी जळायची नाही. मग खोबरेल लावून उन्हात ठेवला. एका अंगाला कड पातळ, दुसऱ्या अंगाला गोल. एका नखीत दोन आवाज.

चार महिने भरायच्या आधी ते हंबीररावांच्या अंगणात उभे राहिले. हंबीररावांनी पाठ फिरवली आणि डफ घेतला. एक कडवं गायले, थांबले, पुन्हा तेच कडवं गायले. मग म्हणाले, “हे शिंग न्हवं.”

तात्यासो नखी खिशात घालायला लागले.

“शिंगाचा आवाज माझ्या म्होरं पळतोय. माझ्या शब्दावर पडतोय. ह्यो माझ्या मागं ऱ्हातोय.” हंबीरराव वळले. “कशाची हाय?”

“करवंटीची.”

“आणि हिला तोंडात धरलं तर तुझी आई काय म्हणंल?”

“नारळच हाय म्हणंल.”

हंबीरराव मोठ्यानं हसले. त्या दिवसापासून एक्केचाळीस वर्षं, हंबीररावांचा श्वास संपेपर्यंत, त्यांच्या मागं तीच तार आणि तीच करवंटी. नख्या झिजल्या, नव्या घासल्या, दगड तोच. कार्यक्रम संध्याकाळचा असला तर हंबीरराव स्वतः गाडी थांबवायचे, “तात्याचं जेवण हुं द्या, दिवस कलला,” म्हणून. आणि त्यांनी तात्यासोंना शिकवलं म्हणावं असं एकच शिकवलं: “माझ्या तोंडाकडं बघू नको, तुला दिसणार बी न्हाय. माझ्या उजव्या खांद्याकडं बघ. खांदा वर गेला की मी दम घेतोय. तवा तार सोडायची न्हाय, पण हात हलका.” तात्यासोंनी त्या खांद्याची एकही हालचाल सोडली नाही. शाहीर एखादी ओळ लांबवायचा, बाया पदर डोळ्याला लावायच्या, आणि तुणतुणं त्या लांबलेल्या ओळीखाली हळूहळू, एकेक ठोका पुढं सरकवत, थांबून राहायचं.

हंबीरराव गेले त्याला चार वर्षं झाली. आता ती शाहिरी पार्टी त्यांचा नातू यशराज चालवतो. पोरगा वाईट नाही. आवाज आजोबांचाच घेतलाय, त्यात थोडा जोर जास्त. पण त्याच्या अडचणी खऱ्या होत्या. गेल्या श्रावणात हातकणंगल्यातच कार्यक्रम होता आणि दमट हवेनं तुणतुण्याचं कातडं सैल पडलं. सूर दोनदा उतरला. त्यात तात्यासोंचं वय सदुसष्ट, उजव्या अंगठ्याचं मूळ दुखायचं, आणि शेवटच्या कडव्याला हात मंदावला. पुढच्या रांगेतनं कुणीतरी ओरडलं, “म्हाताऱ्याला चहा पाजा रं!” लोक हसले. यशराजनं ते मनात ठेवलं.

माघात त्यानं तात्यासोंना कोल्हापुरात बोलावलं. ऋतुराज नावाच्या साउंडवाल्याचा तिथं एका गाळ्यात स्टुडिओ होता. भिंतींना स्पंज, खिडकी बंद. शिवजयंतीला कळंब्यात एका तालमीचा मोठा कार्यक्रम होता आणि त्याचा सराव इथं होता. आदल्या आठवड्यात यशराज तुणतुणं मागून घेऊन गेला होता, ‘आवाज तपासायला’ म्हणून. तात्यासोंनी दिलं होतं. नखी मात्र खिशात राहिली होती.

“तात्या, ऐका आता,” यशराज म्हणाला.

ऋतुराजनं बटण दाबलं. स्पीकरमधून तुणतुणं वाजायला लागलं. तुण, तुण, तुण, तुण. स्वच्छ, मोठं, घड्याळासारखं.

तात्यासोंनी मान तिरकी करून ऐकलं. “पावणं, हे कशावर वाजवलंय?”

“तुमच्याच तुणतुण्यावर की, तात्या,” ऋतुराज खुशीत म्हणाला. “कातडं टाइट करून घेतलं. एक नंबर आवाज आलाय.”

“कशावर न्हवं. कशानं?”

“आं? गिटारची नखी हुती माझ्याकडं. प्लास्टिकची.”

“आणि ठोकं किती घेतलंस?”

“एकच चांगला घेतला. मग त्याचाच ट्रॅक केला. सगळं एकसारखं. कुठं कमी न्हाय, जास्त न्हाय.”

तात्यासो खुर्चीवर बसले. “म्हंजे खाली जाणाराच ठोका. वर येणारा न्हायच.”

“फरक काय पडतोय?”

“चालताना तू एकच पाय टाकतोस काय?”

निशिगंधा, पार्टीत झील ओढणारी, तोंडावर ओढणी धरून हसली. यशराज हसला नाही. “तात्या, लोकास्नी हे कळत न्हाय. लोकास्नी सूर सरळ पायजे. परत सूर उतरला तर हसतील. मला पार्टी चालवायची हाय.”

“मग मला कशाला बोलावलंस?”

यशराज जरा घुटमळला. “स्टेजवर तुणतुणं दिसाय पायजे. पोवाडा हाय. तुमचा फेटा, तुमचं वय, शोभा येती. तुमचा माइक बंद ठेवू. तुम्ही नुसतं उभं ऱ्हावा आणि हात हलवा.”

गाळ्यात पंखा फिरत होता. तात्यासो उठले, कोपऱ्यातलं तुणतुणं घेतलं आणि धोतरात गुंडाळलं. दारात वळून म्हणाले, “तुझा आजा शिंग सोडायला तयार नव्हता, पण त्यानं माझ्या तोंडावर सांगितलं. मुका होऊन उभा ऱ्हा, असं त्यो कदी म्हणाला न्हाय.”

“येणार न्हवं कळंब्याला?”

तात्यासो तुणतुणं काखेत मारून बाहेर पडले.

घरी त्यांची बायको अरुणा भाकऱ्या थापत होती. लग्न होऊन ती ह्या घरात आली तेव्हापासून तिला ह्या तारेचं सगळं माहीत. अव्वाला जाऊन वीस वर्षं झाली तरी मोटारीच्या खोलीचा नेम तिनं चालू ठेवला होता. तिनं सगळं ऐकलं आणि भाकरी उलटली.

“मग जाऊ नकासा.”

“न्हाय गेलो तर दुसऱ्या कुणाच्या बी हातात देतील. हात हलवायला काय, कुणीबी हलवंल.”

“मग जावा आणि वाजवा.”

“माइक बंद ठेवणार हाईत. ढोल्या स्पीकरम्होरं माझी तार कुणाला ऐकू येणार?”

अरुणानं तव्यावरची भाकरी काढून निखाऱ्यावर टाकली. “काय म्हणालं ते पोरगं? उभं ऱ्हावा, आणि हात हलवा?”

“व्हय.”

“त्यातलं एक ऐका. उभं ऱ्हावा.”

तात्यासो तिच्याकडं बघत राहिले. भाकरी फुगून चुलीतनं वाफ सुटली, तरी बघत राहिले. मग त्यांच्या मिशा हलल्या.

कळंब्याला तालमीसमोरच्या मैदानात मांडव घातला होता. ऊन उतरलं होतं. पुढं सतरंज्यांवर बाया आणि पोरं, मागं खुर्च्या, त्याच्या मागं मोटारसायकलींवर बसलेली तरणी पोरं. तात्यासो आधीच जेवून घेऊन आले होते. भगवा फेटा, पांढरं धोतर. यशराजला ते गाडीतनं उतरताना दिसले तेव्हा त्याचा चेहरा सुटला. “तात्या, बरं झालं आलासा.” तात्यासो म्हणाले, “तू बोलावलंस, मी आलो.”

डफावर थाप पडली. ऋतुराजनं बाजूच्या टेबलावरनं ट्रॅक सोडला. तुण, तुण, तुण. यशराजनं नमन सुरू केलं, झील उठली. आणि तात्यासो मगदूम, डाव्या काखेशी तुणतुणं, उजवा हात कमरेवर, मान ताठ, तसेच उभे राहिले.

पहिल्या कडव्यात कुणाच्या ध्यानात आलं नाही. दुसऱ्या कडव्याला निशिगंधानं कोपर टोचलं. “तात्या, हात!”

“काय झालं हाताला? बरा हाय की.”

“हलवा की वो!”

“कशाला? वाजतंय न्हवं?”

पुढच्या सतरंजीवर चिमणाबाई नावाची एक म्हातारी बसली होती. पोवाड्यात मुरलेली बाई. तिनं डोळे बारीक केले, पुढं सरकली, आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात शेजारणीला म्हणाली, “अगं बया! त्यो बाबा हात कमरंवर ठिऊन हुबा हाय, तरीबी वाजतंय गं!”

एक हसली, मग चार हसल्या. मागनं मोटारसायकलीवरचा एकजण ओरडला, “तात्या, बॅटरीवर हाय का?” हशा मांडवभर पसरला. तात्यासो हसले नाहीत. लाजलेही नाहीत. त्या सगळ्यांच्या नजरा आयुष्यात पहिल्यांदा तुणतुण्यावर होत्या. त्यांनी कमरेवरचा हात काढून, पाचही बोटं पसरून, सगळ्यांना दिसेल असा वर धरला. रिकामा. आणि पुन्हा कमरेवर ठेवला.

यशराजनं हशा ऐकला. पण शाहीर गाणं तोडत नाही. तो किल्लेदाराच्या बायकोच्या प्रसंगावर आला होता, जिथं ती आतून दाराचा अडसर काढते. हंबीरराव ती ओळ लांबवायचे, आणि अंगातच असल्यासारखी यशराजनंही लांबवली. बाया गप्प झाल्या. त्याचा उजवा खांदा वर गेला. तात्यासोंच्या बोटांना मुंग्या आल्या; एवढी वर्षं त्या खांद्याखाली हात हलका करायची सवय. पण ट्रॅकला खांदा कुठला दिसतोय? तो तुण तुण करत पुढं निघून गेला, पुढच्या कडव्याची चाल धरून, आणि दार उघडायच्या आतच पलीकडं पोचला. यशराज ओळीत अडकला. त्यानं दम तोडला, ट्रॅक गाठायला दोन शब्द गिळले, आणि ढोलकीवाल्यानं कुणाबरोबर जायचं हे न कळून हात उचलला.

आता हशा नव्हता. त्याहून वाईट, कुजबूज होती.

यशराजनं ऋतुराजकडं बघून हात आडवा केला. ट्रॅक बंद झाला. मांडवात एकदम इतकी शांतता झाली की कळंब्याच्या तळ्याकडनं येणारा बगळ्यांचा आवाज ऐकू आला. यशराज डफ काखेत मारून मागं आला. माइकपासून तोंड वळवून, दात आवळून म्हणाला, “तात्या, भर सभेत अब्रू घालवलीसा.”

“तू म्हणालास उभं ऱ्हावा. उभा हाय.”

“हात बी हलवा म्हणालतो.”

“खोटा हात मला हलवाय येत न्हाय. खरा हलवू काय सांग.”

यशराजनं मांडवाकडं बघितलं. मागं लोक उठायला लागले होते. त्यानं स्वतःच्या हातानं मधला माइक उचलून आणला आणि डब्याच्या तोंडाशी लावला.

“तोंडाशी नको,” तात्यासो म्हणाले. “वीतभर लांब धर. जवळ धरलास तर नखीची टिचकी ऐकू येईल, तार न्हाय.”

यशराजनं माइक लांब केला. तात्यासोंनी खिशातनं करवंटी काढली, दातांत धरली, खुंटी पाव फेरा पिळली, आणि गोल कड तारेवर तिरकी ठेवून पहिला ठोका मारला. आवाज स्पीकरइतका मोठा नव्हता. लोकांना ऐकायला पुढं वाकावं लागलं. पण लोक वाकले. खाली जाणारा ठोका जरा भारी, वर येणारा हलका, आणि दर चौथ्याला करंगळीनं मुका. ढोलकीवाल्यानं मान हलवली आणि हात टाकला.

यशराजनं ती ओळ पुन्हा पहिल्यापासून धरली. खांदा वर गेला. तात्यासो खुंटीच्या अंगाला सरकले, नखी सैल सोडली, आणि तार एवढी बारीक केली की ती आहे की नाही कळू नये. ओळ लांबली. आणखी लांबली. चिमणाबाईनं तोंडात पदर धरला. अडसर निघाला, दार उघडलं, आणि त्याच क्षणी करवंटीची पातळ कड डब्याच्या तोंडालगत कडाडली.

शेवटच्या दोन कडव्यांत अंगठा पेटला. दोन ठिकाणी ठोका चुकला, चांगला उघडा चुकला. तात्यासोंनी तो झाकला नाही आणि खालीही बघितलं नाही. पुढचा ठोका मारला.

परतीच्या गाडीत यशराज एक शब्द बोलला नाही. हातकणंगल्याच्या फाट्याला तात्यासो उतरले तेव्हाही नाही. त्यांनीही हाक मारली नाही.

आठवड्यानं ऋतुराज एकटाच मोटारसायकलवरून मळ्यात आला. हातात बिस्किटाच्या पुड्याएवढं एक यंत्र. “तात्या, चूक माझी हुती. एक ठोका घ्यायला नको हुता. आता समदं घेतो. वरचा, खालचा, मुका, तिरका. दोनशे ठोकं घेतो. मग मशीन अगदी तुमच्यागत वाजवंल.”

तात्यासोंनी त्याला पाटाच्या काठावर बसवलं, चहा मागवला. “शाहीर दम कवा घेतोय, हे तुझ्या मिशनला दिसंल?”

ऋतुराजनं डोकं खाजवलं. “न्हाय.”

“मग दोनशे घे नायतर दोन हजार. ते बंद कर आणि बस. वाजवतो, ऐक. कानात माईल तेवढं घेऊन जा.”

त्यानं यंत्र बंद केलं. तात्यासोंनी अर्धा तास वाजवलं. ऋतुराज जाताना पाया पडायला वाकला तर त्यांनी अडवलं. “अंगठ्याला हात लावू नको, लई दुखतोय.”

त्यानंतर चौथ्या दिवशी फोन आला. यशराजचा. कबनूरला यंत्रमागवाल्यांचा कार्यक्रम होता, रविवारी. तो नेहमीसारखा मोठ्यानं बोलत नव्हता.

“तात्या, येणार न्हवं?”

“माझ्या हातानं वाजणार असलं तर गाडी धाड. न्हायतर माझ्या जागी तुझं मिशन बसव, मोकळी जागा बरी न्हाय दिसत.”

तात्यासो फोन कानाशी धरून उभे राहिले.

“अंगठा कसा हाय?” यशराजनं विचारलं.

“दुखतोय. पण वाजवतोय.”

“कातडं सैल झालं तर?”

“झालं तर झालं. मधीच थांबून पिळीन, आणि तवर तू लोकास्नी दोन शब्द बोल. तुझा आजा बोलायचा.”

यशराजनं मोठा श्वास सोडला. “साडेतीनला गाडी येतीया. तुमचं जेवण कबनूरला पोचल्यावर, दिवस मावळायच्या आत.”

आणि त्यानं फोन ठेवला.